शिक्षकदिनाच्या ६०० रुपयांबद्दल आमच्या शाळेला आणि पालक प्रतिनिधींना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, शिक्षक-पालक संघाचे सदस्य, आणि चौथी ब च्या ग्रुपवरच्या सगळ्या ताई-दादांनो,

नमस्कार.

मी चौथी ब मधल्या एका मुलीची आणि पहिली अ मधल्या एका मुलाची आई. इथं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की उद्या वर्गात सगळे माझ्या पोरीकडे बघणार. पण ग्रुपवर तुम्ही मला ओळखता, आणि मुख्याध्यापिका बाईंना हेच पत्र सही करून हातात देणार आहे. सगळ्यांसमोर लिहितेय कारण हे एकट्या आपल्या शाळेत चाललेलं नाहीये, मी ज्या गारमेंटमध्ये कामाला जाते तिथल्या बायकांना विचारलं तर त्यांच्या पोरांच्या शाळेत पण हेच, कुठं ४०० कुठं ५००, आणि कुणी बोलत नाही कारण पोरं त्याच शाळेत शिकतायत ना.

झालं असं. गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला की शिक्षकदिनासाठी प्रत्येकी ६०० रुपये, शनिवारपर्यंत जीपे करा आणि स्क्रीनशॉट टाका. त्यात वर्गशिक्षिकेला सिल्कची साडी, चांदीचं नाणं, मोठी फ्रेम, बुके, केक आणि फुग्यांचं डेकोरेशन. वर्गात ४८ मुलं आहेत, म्हणजे २८,८०० रुपये. मग शनिवारी रात्री यादी आली, ज्यांनी दिले त्यांच्यापुढे हिरवी टिक, ज्यांनी नाही दिले त्यांच्यापुढे लाल फुली. ११ लाल फुल्या होत्या. यादीत पालकांची नावं नव्हती हो, मुलांची होती.

आता तुम्ही विचार करा, होमवर्क पण त्याच ग्रुपवर येतो. माझी मुलगी रोज संध्याकाळी माझा मोबाईल घेऊन होमवर्क बघते आणि वहीत उतरवून घेते. रविवारी सकाळी तिनं मोबाईल उघडला, यादी वाचली आणि मला विचारलं, आई, माझ्यापुढे लाल का आहे, मी काय चुकले? मी मशीनवर बसले होते, हातातलं काम तसंच राहिलं. काय सांगणार नऊ वर्षाच्या पोरीला. मी तिला सांगितलं की ते पैशाचं आहे, तुझं काही चुकलेलं नाही. ती म्हणाली मग माझं नाव का लिहिलं?

हाच प्रश्न मी तुम्हाला विचारतेय. तिचं नाव का लिहिलं?

मी आधीच सांगते, बाईंचे आभार मानायला माझा विरोध नाहीये, उलट मला ते मनापासून मानायचेत. माझ्या मुलीला दुसरीत हातच्याची वजाबाकी जमत नव्हती, रडायची वही घेऊन. तिसरीला या बाई मिळाल्या, यंदा चौथीला पण त्याच आहेत. त्यांनी घरून पिशवीभर चिंचोके आणले, दहा-दहाच्या पुड्या बांधल्या आणि एक पुडी सोडून दाखवली की हातचा म्हणजे हे. आठ दिवसांत पोरगी गणितं करायला लागली. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, आमच्या पण. बाई मूळच्या तेलुगू नाहीत, तरी त्यांनी आमच्या पोरांसाठी मोजकी तेलुगू शिकून घेतली, पोरगं गोंधळलं की त्याच्या भाषेतला एक शब्द टाकतात आणि पोराचा चेहरा खुलतो, मी खिडकीतून बघितलंय हे. इलेक्शन ड्युटी करून आल्या तरी दुसऱ्या दिवशी वह्या तपासलेल्या असतात. अशा बाईंना मी काय देऊ असं मला वाटतं. पण माझ्याकडून ते ६०० रुपये लावून, यादी लावून, फुली मारून काढून घेतलं तर त्यात माझे आभार कुठं राहिले.

आता माझ्या तक्रारी सांगते, एकेक करून.

पहिली म्हणजे हे ठरवलं कुणी? महाराष्ट्रात २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्याप्रमाणे शिक्षक-पालक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडतात, आपल्या शाळेत पण जूनमध्ये चिठ्ठ्या काढल्या, मी हजर होते. त्या समितीच्या मीटिंगमध्ये हा विषय आलाच नाही, मी दोन सदस्यांना विचारलंय. हे पाच-सहा जणांनी आपापसात ठरवलं आणि ४८ घरांना कळवलं. त्यांची भावना चांगली असेल, मी त्यांच्यावर आरोप करत नाहीये, त्या ताया दरवर्षी धावपळ करतात हे मला दिसतं. पण सहा जणांच्या खिशाचा अंदाज ४८ घरांना लागू होत नाही. आणि बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात ठरलेल्या फी शिवाय घेतलेल्या कुठल्याही देणगीला, वर्गणीला कॅपिटेशन फी म्हटलंय आणि मुलाला प्रवेश देताना ती घ्यायची मनाई आहे. तो नियम प्रवेशाच्या वेळचा आहे, पालकांनी पालकांकडून गोळा केलेल्या पैशाला तो तसाच लागू होतो असं मी म्हणत नाही. पण कायदा करणाऱ्यांनी ज्या भीतीनं तो नियम केला, की पैशावरून पोरांत भेद व्हायला नको, ती भीती आपल्या ग्रुपवर खरी झाली.

दुसरी गोष्ट, ६०० रुपये म्हणजे काय ते. मी युनिफॉर्म शिवते. सोलापूरचे शाळेचे युनिफॉर्म देशभर जातात हे आपण अभिमानानं सांगतो, ते शिवणाऱ्या बायका याच शाळेच्या पालक आहेत. मला पीसवर पैसे मिळतात आणि ६०० रुपये व्हायला दोन दिवस मशीनवर बसावं लागतं, आणि पहिली अ ची वर्गणी निघाली तर ती वेगळी. आपल्या वर्गात कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून येणारी मुलं आहेत, त्यांच्या आया घरी बिड्या वळतात, सकाळी पानं कापायला बसतात ते संध्याकाळपर्यंत मान वर नसते. ती दहा हजार घरांची वसाहत बिडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवली, त्या बायका कुणाचं फुकट घेणाऱ्या नाहीत आणि कंजूष तर अजिबात नाहीत. त्यातल्या एका ताईंनी मला सांगितलं की त्या गॅस सिलेंडर पुढच्या महिन्यावर ढकलून ६०० भरणार, कारण पोराच्या नावापुढे फुली नको. त्या सिलेंडरवर आलेली साडी आपल्या बाईंना आवडेल का? त्यांना हे कळलं तर त्या नेसतील का?

तिसरी गोष्ट बाईंचीच आहे. त्यांना नाही म्हणता येत नाही. स्टेजवर बोलावून, सगळ्यांसमोर, मोबाईलचे कॅमेरे चालू असताना हातात बॉक्स दिल्यावर कोण नाही म्हणेल? आणि मग वर्षभर कुणाचं पोर पहिल्या बाकावर बसलं, कुणाला गॅदरिंगमध्ये घेतलं, की मागे कुजबुज होते, त्यांनी नाणं दिलं होतं ना. बाईंनी न मागितलेल्या गोष्टीचा डाग बाईंना. गेल्या वर्षी एका वर्गानं साडी दिली आणि शेजारच्या वर्गानं स्टीलचा डबा, तर त्या दोन शिक्षिकांमध्ये पण अवघडलेपण आलं असं मी ऐकलं. पहिलीच्या मॅडम तर विनाअनुदानित तुकडीवर आहेत, पगार किती आहे ते आपल्याला माहितीय. त्यांना कुणी चांदीचं नाणं देत नाही कारण पहिलीच्या पालकांचा ग्रुप थंड आहे. आणि मधल्या सुट्टीत पोर पडलं, उलटी झाली की जी मावशी धावते तिचं नाव तर कुठल्याच यादीत नाही.

चौथी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. माझ्या मुलीनं गेल्या वर्षी बाईंना पत्र लिहिलं होतं, चिंचोक्यांचं चित्र काढून, वर खरे चिंचोके चिकटवून. तिला सांगण्यात आलं की वैयक्तिक काही द्यायचं नाही, सगळ्यांचं मिळून एकच गिफ्ट आहे. ते पत्र तिच्या दप्तरातच घरी आलं. म्हणजे पोरीनं स्वतःच्या हातानं केलेलं परत आलं आणि तिनं कधी बघितलंसुद्धा नाही अशी वस्तू तिच्या नावानं दिली गेली. आभार नेमके कुणी मानायचे असतात, पोरांनी की जीपेनं?

हा दिवस कुठून आला ते पण आठवूया. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा, आणि १९६२ पासून आपण त्यांच्या वाढदिवसाला शिक्षकदिन पाळतो. पोरं भाषणात एवढंच पाठ करतात. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १९२१ साली ते म्हैसूर सोडून कलकत्त्याला शिकवायला निघाले तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी फुलांनी गाडी सजवली आणि घोड्यांऐवजी स्वतः ओढत त्यांना स्टेशनवर नेलं. बघा, फुलांचा खर्च सोडला तर काही नाही, पोरांची ताकद आणि पोरांचा जीव. शंभर वर्षं झाली तरी लोक ती गोष्ट सांगतात.

माझी स्वतःची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. ३४ वर्षं केली नोकरी, सगळी सोलापूर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत. तिला लोकांनी काय काय दिलं ते मी लहानपणापासून बघितलंय. हरभऱ्याचे ढहाळे, हुरड्याची कणसं, भोपळा, कुणाच्या घरी म्हैस व्याली की खरवसाचं दूध. रिटायर झाली तेव्हा शाली आल्या, नारळ आले, भिंतीवरची घड्याळं आली, ती घड्याळं तिनं नातेवाइकांना वाटून टाकली. पण ती आजही जेव्हा शाळेचं बोलते तेव्हा एकाच बाईचं सांगते. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, मोलमजुरी करायची, तिचा मुलगा आईच्या वर्गात वाचायला शिकला. देण्यासारखं काही नाही म्हणून ती एका रविवारी पहाटे आली आणि शाळेपुढचं सगळं अंगण एकटीनं शेणानं सारवून गेली, कडेनं पांढरी रांगोळीची रेघ ओढून. सोमवारी आई शाळेत पोचली तर अंगण वाळून लखलखीत. कुणी केलं ते कळायला आईला दोन दिवस लागले. आईनं मला हे शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी तिचा आवाज जड होतो.

म्हणून नुसत्या तक्रारी करून थांबत नाही, आपण काय देऊ शकतो ते पण सांगते, कारण पैसे नकोत म्हटलं की लगेच विचारतात मग काय रिकाम्या हातानं जायचं का.

पहिलं म्हणजे पत्र, पण नीट लिहिलेलं. "तुम्ही जगातल्या सगळ्यात चांगल्या टीचर आहात" हे वाक्य ४८ वेळा वाचून कुणाला काय वाटणार. प्रत्येक पोराला घरी बसवून एकच विचारा, बाईंनी तुला शिकवलेली अशी कुठली गोष्ट आहे जी तुला आधी येत नव्हती? तेवढंच लिहायला लावा, चार ओळी, चुकांसकट, आपण दुरुस्त करायला जाऊ नका. ज्यांच्या घरी आई तेलुगू बोलते तिनं तेलुगूत सांगावं, पोरानं मराठीत लिहावं, किंवा तिनं तेलुगू लिपीतच लिहावं, बाई शेजारच्या मुलाकडून वाचून घेतील आणि त्यांना त्यात जास्त आनंद होईल. अशी ४८ पानं झाली की मी ती शिवून देते. आमच्या गारमेंटमध्ये युनिफॉर्मच्या कापडाचं कात्रण उरतं, मालकांना विचारलंय, ते न्या म्हणाले. आपल्याच शाळेच्या निळ्या कापडाचं कव्हर होईल.

किंवा पोस्टकार्ड. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, ४८ कार्डं म्हणजे २४ रुपये, पूर्ण वर्गाचे २४ रुपये. शाळेच्या पत्त्यावर बाईंच्या नावानं टाकायची, दोन तारखेपर्यंत टाकली तर वेळेत पोचतील. पोस्टमन काका एवढा गठ्ठा घेऊन वर्गाच्या दारात आले की पोरांचे चेहरे बघा. आपल्या पोरांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पोस्टाच्या पेटीत काही टाकलंय? पत्ता कसा लिहायचा, पिनकोड कुठं, हे बाईच तर पुस्तकातून शिकवतात. आणि थोडं खास करायचंच असेल तर हेड पोस्टात माय स्टॅम्पची सोय आहे, आपण दिलेला फोटो छापून खरी तिकिटं मिळतात, १२ तिकिटांचा शीट ३०० रुपयांना. ४८ घरांत वाटले तर साडेसहा रुपये पण पडत नाहीत. त्यावर वर्गाचा ग्रुप फोटो टाकूया.

वस्तूच द्यायची तर बाईंच्या दिवसात काय काय होतं ते बघून द्या. दिवसभर ४८ पोरांपुढे बोलायचं, वर पंखा घरघरतोय, बाहेर रस्त्यावर हॉर्न, संध्याकाळी घसा बसलेला असतो. मधल्या मारुतीपाशी काष्ठौषधीच्या दुकानात ज्येष्ठमधाची पुडी २०-३० रुपयांत येते, सोबत खडीसाखर बांधा, एका स्वच्छ बरणीत भरा आणि पोराच्या हातानं चिठ्ठी लावा की बाई घसा दुखला की हे. खडूनं हात कोरडे पडतात, पदराला पुसतात, त्यांना एक चांगला सोलापुरी नॅपकिन द्या ना, आपल्याच गावच्या मागावरचा. लाल पेन तर कुठल्याही मास्तराला विचारा, कधीच पुरत नाहीत, वह्यांचा ढीग संपायच्या आधी रिफिल संपते. दहा लाल पेनांचा एक जुडगा वर्षभर हातात राहील, फ्रेम भिंतीवर राहील तर राहील. मी माझ्याकडून खडू-डस्टर ठेवायची एक खिशाची पिशवी शिवून देणार आहे, टेबलाच्या कडेला अडकवता येईल अशी. ज्यांच्या हातची शेंगाचटणी चांगली होते त्यांनी एक छोटी बरणी द्यावी, मिठाईचा बॉक्स नको, बाईंना शुगर आहे हे ज्यांनी केक ठरवला त्यांनी विचारलं पण नसेल.

आणि वेळ. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं पण कुणाच्या लक्षात येत नाही. बाई मधल्या सुट्टीत डबा उघडतात आणि तेवढ्यात दोन पोरं भांडत येतात, डबा गार होतो. आपण पालकांनी एक दिवस, फक्त एक दिवस, मधल्या सुट्टीत पोरं सांभाळली आणि सगळ्या शिक्षकांना एकत्र बसून गरम भाकरी खाऊ दिली तर? वर्गातल्या वाचनपेटीतली पुस्तकं फाटलीत, एका शनिवारी चार जण बसलो तर सगळ्यांना कव्हरं घालून, शिवून होतील. पैसेच घालायचे असतील कुणाला तर बालभारतीच्या किशोर मासिकाची वर्षाची वर्गणी वर्गाच्या नावानं भरा, १९७१ पासून निघतंय ते, माझ्या आईच्या शाळेत पण यायचं, दर महिन्याला पोरं वाचतील आणि बाईंना शिकवायला काहीतरी नवीन मिळेल.

एक गोष्ट मात्र मी पहिलीच्या मॅडमसाठी नक्की करणार आहे आणि तुम्हालाही सांगते. लेखी पत्र, मुख्याध्यापिका बाईंच्या नावानं, प्रत संस्थेला. की या मॅडमनी माझ्या मुलाला काय शिकवलं, कसं शिकवलं, कुठल्या महिन्यात त्याला अक्षरं जोडता यायला लागली. तक्रार असली की आपण लगेच लेखी देतो, चांगलं मात्र गेटवर तोंडी बोलून निघून जातो. ज्या शिक्षिकेची नोकरी अजून पक्की नाही तिच्या फाईलमध्ये पालकांची दहा चांगली पत्रं असली तर त्याचा उपयोग तिला होईल, साडीचा होणार नाही. कागदाचा खर्च एक रुपया.

आणि हे सगळं ५ सप्टेंबरलाच का कोंबायचं? ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, १८३१ चा जन्म त्यांचा, आणि १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या शिकवायला जाताना लोकांनी शेण-माती फेकली. आपण शिकलो, आपल्या पोरी शिकतायत ते त्यामुळं. त्या दिवशी एक चिठ्ठी दिली तर बाईंच्या ध्यानीमनी पण नसेल. एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी द्या. वर्ष संपल्यावर दिलेल्या चिठ्ठीत कुणाला काही मागायचं नसतं.

आता माझ्या मागण्या, स्पष्ट.

पालक प्रतिनिधींना: ती हिरव्या-लाल फुल्यांची यादी आजच्या आज ग्रुपवरून डिलीट करा, सगळ्यांसाठी डिलीट. यापुढे कुठल्याही पैशाच्या कामात मुलाचं नाव लिहायचं नाही. ज्यांनी ६०० भरलेत त्यांना परत हवे असतील तर न विचारता परत द्या. कुणाला मनानं काही द्यायचं असेल तर एक बंद डबा ठेवा, त्यात नाव न लिहिता जे जमेल ते, आणि दिलं नाही तरी चालेल असं स्वच्छ लिहा. कार्डावर, पत्रांच्या वहीवर सगळ्या ४८ मुलांची नावं येतील, हजेरीच्या क्रमानं.

मुख्याध्यापिका बाईंना: तुम्ही एक सूचना काढा, शाळेच्या लेटरहेडवर, की शिक्षकदिनाला पोरांनी स्वतः केलेलं किंवा लिहिलेलंच स्वीकारलं जाईल, विकत आणलेली महागडी वस्तू, रोख, दागिना, नाणं स्वीकारलं जाणार नाही. तुम्ही लिहिलं की शिक्षकांना नाही म्हणायची वेळ येणार नाही, तुमच्या सहीमागे त्यांना उभं राहता येईल. वैयक्तिक पत्र आणणाऱ्या एकाही पोराला परत पाठवू नका. कार्यक्रमात मावशी, शिपाई काका, खेळाचे सर आणि चित्रकलेच्या मॅडम यांना पण स्टेजवर बोलवा. आणि होमवर्कचा ग्रुप वेगळा करा, त्यात फक्त शिक्षक मेसेज टाकतील असा.

शिक्षक-पालक संघाला: हा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या आणि इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गाच्या दुसऱ्या आईला हे पत्र लिहावं लागणार नाही.

माझं कुणाशी भांडण नाही. ज्या ताईंनी यादी टाकली त्यांच्या मुलीची आणि माझ्या मुलीची एकच बेंच आहे, दोघी डबा वाटून खातात, तसंच राहू दे. त्या ताईंना फोन करून मी हे सगळं आधी बोलले पण आहे, त्या म्हणाल्या बघू. म्हणून लिहिलं.

या रविवारी सकाळी दहा वाजता मी घरी मशीन लावून बसणार आहे, निळं कापड आणि कात्रण आणून ठेवलंय. ज्यांना पत्रांच्या वह्यांचं कव्हर, खडूच्या पिशव्या करायला यायचंय त्यांनी कात्री घेऊन या, पोरांना पण आणा, ती खाली बसून पत्रं लिहितील. बिडीच्या कामातल्या ताया म्हणाल्यात की त्या येतील, त्यांच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही. कागद माझ्याकडे आहेत. पत्ता ग्रुपवर नको, मला मेसेज करा, पाठवते.

माझ्या मुलीनं या वर्षीचं पत्र लिहून ठेवलंय. चिंचोके पण चिकटवलेत. ५ तारखेला ती ते घेऊन येणार आहे, बाईंच्या हातात देऊ द्या.

आपली,
चौथी ब आणि पहिली अ मधल्या मुलांची आई
सोलापूर